उताऱ्यावर बोट ठेवून : गाओकाओच्या इंग्रजीविषयी वाचकांचे प्रश्न

चीनमध्ये राहणाऱ्या काही मराठी वाचकांनी या महिन्यात एकाच विषयावर पत्रे पाठवली आहेत. तेथील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत, म्हणजे गाओकाओत, इंग्रजीचे जे उतारे येतात त्यांचा सराव मुलांकडून कसा करून घ्यावा, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांतील तीन पत्रे येथे घेतली आहेत. नानजिंगमधील एका शाळेत मी चार वर्षे इंग्रजी शिकवत होते. उत्तरे त्या अनुभवावर बेतलेली आहेत.

प्रश्न : आदरणीय बाई, यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही सहा वर्षांपासून सुझौ येथे राहतो. शेजारची मुलगी उच्च माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, वर्षाला आहे आणि येत्या जूनमध्ये ती गाओकाओला बसेल. ती मला 'आयी' म्हणते. चिनीत त्याचा अर्थ मावशी किंवा काकू असा होतो, पण माझ्या कानाला ते 'आई' असेच ऐकू येते, आणि त्यामुळे तिची काळजी जरा जास्तच वाटते. दर रविवारी दोन तास ती माझ्याकडे इंग्रजी वाचायला येते. शाळेत रोज उतारे सोडवून घेतात, घरीही ती सोडवते, शब्द तर तिला माझ्याहून अधिक पाठ आहेत. तरीही चार उताऱ्यांवरील पंधरा प्रश्नांपैकी तिचे नऊ-दहाच बरोबर येतात आणि सहा महिन्यांत हा आकडा हललेला नाही. मी इंग्रजी माध्यमात शिकले असल्याने उतारा वाचला की मला उत्तर कळते, पण तेच उत्तर बरोबर का, हे मात्र तिला सांगता येत नाही. काय करावे? — एक वाचक, सुझौ

उत्तर : ताई, दुखणे कोठे आहे ते तुमच्या पत्रातील शेवटच्या ओळींत आले आहे, आणि उपायही तेथूनच सुरू होतो. तुम्हाला उत्तर का बरोबर ते सांगता येत नाही, आणि तिला आपले उत्तर का चुकले ते सांगता येत नाही. तुम्हा दोघींना रविवारी एकच काम करायचे आहे : प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातील ओळीवर बोट ठेवून दाखवायचे. ओळ दाखवता आली नाही, तर उत्तर बरोबर आले असले तरी ते चुकले असे धरायचे.

आधी प्रश्नपत्रिकेचा आवाका सांगते, म्हणजे वेळ कोठे घालवायचा हे ठरवता येईल. सुझौ ज्या जिआंगसू प्रांतात आहे, तेथे २०२१ पासून राष्ट्रीय पातळीवरची नवी पहिली प्रश्नपत्रिका वापरली जाते. गाओकाओच्या एकूण ७५० गुणांपैकी इंग्रजीला १५० गुण असून वेळ १२० मिनिटांचा असतो. ऐकून उत्तरे देण्याच्या भागाला ३०, वाचनाला ५०, मोकळ्या जागा भरण्याच्या दोन प्रश्नांना मिळून ३० आणि लेखनाला ४० गुण असतात. म्हणजे वाचन हा सर्वांत मोठा भाग आहे. त्यातील ५० गुण २० प्रश्नांत विभागलेले असतात व प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा असतो. पहिले पंधरा प्रश्न चार उताऱ्यांवर असतात आणि उरलेले पाच एका वेगळ्या उताऱ्यावर, ज्यात गाळलेली वाक्ये जागच्या जागी बसवायची असतात. पहिला उतारा बहुधा माहितीपत्रकासारखा असतो : सहलीचे दर, संग्रहालयाच्या वेळा, स्पर्धेचे नियम. त्यावर तीन प्रश्न येतात. पुढच्या तिन्हींवर चार-चार प्रश्न असतात आणि शेवटचा उतारा सहसा एखाद्या संशोधनाविषयी असतो. तुमच्या मुलीचे गुण कोणत्या उताऱ्यात जातात ते आधी पाहा. माझा अंदाज असा की पहिले दोन उतारे तिला जड जात नसावेत आणि गळती शेवटच्या दोहोंत असावी.

आता एक उतारा जवळून पाहू. २०२३ साली याच प्रश्नपत्रिकेत शेवटचा उतारा फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाच्या ७ मार्च १९०७ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या उल्लेखाने सुरू होत होता. पुष्कळ माणसांनी एकमेकांना न विचारता केलेल्या अंदाजांची सरासरी काही वेळा खऱ्या आकड्याच्या बरीच जवळ जाते, हा त्यातील मुद्दा. दुसऱ्या परिच्छेदात त्याचे स्पष्टीकरण होते : सगळ्यांच्या चुका सारख्या नसतात, कोणी अंदाज जास्त करतो तर कोणी कमी, आणि सरासरी काढली की या चुका एकमेकींना खोडून काढतात, पण माणसे एकसारखी असून एकच चूक करत असतील, तर तसे होत नाही. प्रश्न होता की हा परिच्छेद मुख्यतः कशाविषयी आहे. 'लोकांच्या चुकांची कारणे' असा एक पर्याय होता आणि 'या परिणामामागील तर्क' असा दुसरा. परिच्छेदात 'एरर्स' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे घाईने वाचणारे मूल पहिल्या पर्यायाकडे ओढले जाते. येथे तिला थांबवून विचारा : माणसे चुका का करतात, हे कोणत्या वाक्यात सांगितले आहे? ते दाखव. ती शोधील आणि तिला असे एकही वाक्य सापडणार नाही, कारण परिच्छेदात चुकांचे कारण नाही, चुकांची बेरीज-वजाबाकी कशी होते ते आहे. ते रिकामे बोट तिला माझ्या-तुमच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवील.

त्याच उताऱ्यातील पुढचा प्रश्न थोडा अवघड होता. नंतरच्या एका अभ्यासात मोठ्या गटांचे छोटे गट पाडून त्यांना आपसात चर्चा करू दिली, तेव्हा या गटांच्या अंदाजांची सरासरी, एकेकट्याने अंदाज करणाऱ्या तेवढ्याच माणसांच्या सरासरीपेक्षा अधिक अचूक निघाली. काय असतानाही अचूकता वाढू शकते, असे विचारले होते. बरोबर उत्तर होते : अंदाज पूर्णतः स्वतंत्र नसतानाही. हे वाक्य उताऱ्यात जसेच्या तसे कोठेही नाही. चर्चा झाली, म्हणजे एकाच्या मताचा दुसऱ्यावर परिणाम झाला, म्हणजे अंदाज स्वतंत्र राहिले नाहीत, एवढी साखळी मुलीला स्वतः जोडावी लागते. याउलट 'गट तुलनेने लहान असतानाही' या पर्यायात उताऱ्यातील 'लहान' हा शब्द ओळखीचा चेहरा दाखवतो आणि फसवतो. या परीक्षेत बरोबर पर्याय बहुधा उताऱ्यातील गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो आणि चुकीचा पर्याय उताऱ्यातीलच शब्द उचलून भलते काही सांगतो. शब्द पाठ असलेली मुले नेमकी येथेच अडकतात, कारण ओळखीचा शब्द दिसला की त्यांना हायसे वाटते.

फसव्या पर्यायांच्या जातींना चिनी शिक्षकांनी नावे ठेवली आहेत आणि ती मुलांना ठाऊक असतात. एकाचे नाव आहे 'झांगची टोपी लीच्या डोक्यावर', म्हणजे एकाने म्हटलेले किंवा केलेले दुसऱ्याच्या नावावर घालणे. आपणही 'याची टोपी त्याच्या डोक्यावर' असेच म्हणतो. ते मी प्रथम ऐकले तेव्हा मला फार आनंद झाला होता आणि वर्गाला मराठी म्हण सांगितल्यावर मुलांनाही झाला. दुसरी जात भागाला संपूर्ण मानण्याची : एका परिच्छेदातील उदाहरण हाच साऱ्या उताऱ्याचा विषय, असे सुचवणारा पर्याय. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीर्षक निवडताना ती चालत नाही. तिसरी जात मुळात नसलेलेच निर्माण करण्याची, आणि चौथी हळूच अर्थ बदलण्याची, जेथे उताऱ्यातील 'काहींना' पर्यायात 'सर्वांना' होते किंवा 'शक्य आहे'चे 'निश्चित आहे' होते. चुकलेल्या प्रत्येक पर्यायाशेजारी त्याची जात तिच्याच हाताने लिहवून घ्या. महिनाभरात दिसेल की तिच्या बऱ्याचशा चुका एक-दोन जातींतच मोडतात.

त्यासाठी तिच्याकडे आधीच एक वही असेल. चुकलेल्या प्रश्नांच्या या वहीला तेथे 'त्स्वो-ती-बन' म्हणतात आणि शाळा ती आग्रहाने ठेवायला लावते. नानजिंगमध्ये माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याची वही पाहून कोणीही थक्क व्हावे. प्रत्येक प्रश्न कापून चिकटवलेला, बरोबर अक्षर लाल शाईत, शेजारी निळ्या शाईत संपूर्ण वाक्याचे चिनी भाषांतर. मी एका प्रश्नावर बोट ठेवून विचारले, "तू सी का निवडला होतास?" तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "शिक्षिका, ते लिहिलेले नाही." वर्षभर राखलेल्या त्या वहीत बरोबर उत्तरे सगळी होती, त्याची स्वतःची चूक मात्र कोठेच नव्हती. त्या दिवसापासून आम्ही भाषांतर लिहिणे बंद केले आणि दोनच गोष्टी लिहू लागलो : मला हा पर्याय का आवडला, आणि कोणत्या ओळीने तो खोटा ठरतो. सुरुवातीला एका प्रश्नाला दहा मिनिटे लागत, आणि तेवढी लागली पाहिजेत.

म्हणून सरावाची संख्या कमी करायला मी सांगेन, जरी हे तेथील रीतीच्या विरुद्ध जाते. प्रश्नांमागून प्रश्न सोडवत जाण्याला मुले 'श्वा-ती' म्हणतात. शब्दशः अर्थ घ्यायचा तर प्रश्न ब्रशने घासून काढणे. संध्याकाळचा स्वाध्याय रात्रीपर्यंत चालतो आणि त्यात एकामागून एक कागद घासले जातात. रविवारी तुमच्याकडे आल्यावर तिच्यापुढे सहा नवे उतारे ठेवू नका, दोनच ठेवा. पहिल्यांदा घड्याळ लावून, प्रत्येकाला सात-आठ मिनिटे. उत्तरे तपासा, पण कोणते बरोबर ते सांगू नका, फक्त किती चुकले ते सांगा. मग घड्याळ बाजूला ठेवून तिला तेच उतारे पुन्हा वाचू द्या आणि चूक स्वतः शोधू द्या. हे दुसरे वाचन पहिल्याच्या तिप्पट वेळ घेईल, आणि खरे शिकणे त्यातच होते.

लांब वाक्यांचे एक दुखणे आहे, त्यात मराठी माणूस चिनी मुलाला विशेष मदत करू शकतो. आपण 'आईने काल बाजारातून आणलेली भाजी' म्हणतो. सगळे वर्णन आधी आणि नाम शेवटी. चिनीतही तसेच : आई, काल, बाजारातून, आणलेली, आणि अखेरीस भाजी. इंग्रजीत भाजी आधी येते आणि बाकीचे सगळे शेपटासारखे मागे लटकते. शेवटच्या उताऱ्यातील वाक्यांत अशी दोन-तीन शेपटे एकमेकांना जोडलेली असतात आणि मुख्य क्रियापद पार पुढे गेलेले असते. मुलगी शब्दामागून शब्द चिनीत उलथवत जाते आणि मध्येच धागा सुटतो. अशा वाक्यात आधी मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद यांना पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगा, शेपटांना कंस घालू द्या आणि कंस वगळून वाक्य मोठ्याने वाचू द्या. तुम्हाला मराठीतून इंग्रजीत येताना हाच उलटा क्रम कधीतरी शिकावा लागला असेल. तो आठवून तिला सांगितलात तर ते तिला पटकन पटेल.

शब्दांविषयी थोडेच सांगते. २०१७ च्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमानुसार या परीक्षेसाठी साधारण तीन हजार शब्द अपेक्षित आहेत. अकारविल्हे सूचीतून पाठांतर करणाऱ्या मुलांची सुरुवात बहुधा 'अबॅन्डन' या शब्दाने, म्हणजे सोडून देण्याने, होते आणि अनेकांचे पाठांतरही त्याच्या आसपासच सुटते. तुमची मुलगी तो टप्पा ओलांडून गेली आहे, तिला आता सूचीची गरज नाही. तिला हे मात्र सांगा की अभ्यासक्रमाबाहेरचा शब्द उताऱ्यात आला आणि तो आवश्यक असला, तर परीक्षक त्याचा चिनी अर्थ कंसात देतात. ज्या अनोळखी शब्दाला असा कंस नाही, त्याचा अर्थ एक तर आजूबाजूच्या वाक्यांवरून काढता येतो, किंवा त्यावाचून काही अडत नाही. हे एकदा मनात बसले की अनोळखी शब्दापाशी होणारी घाबरगुंडी कमी होते, आणि त्या घाबरगुंडीतच तिची बरीच मिनिटे जात असतील.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी व्यापारानिमित्त यीवू येथे असतो. माझ्या चिनी पत्नीचा भाचा यंदा गाओकाओ देणार आहे. तो म्हणतो की चार पर्यायांपैकी तीन लांब व एक आखूड असेल तर आखूड निवडावा, आणि तीन आखूड व एक लांब असेल तर लांब निवडावा. त्याच्या वर्गात सगळ्यांना हे पाठ आहे. यात काही तथ्य आहे का? शिवाय त्याने जानेवारीत एकदा परीक्षा द्यावी की थेट जूनमध्ये? — एक वाचक, यीवू

उत्तर : हा तोडगा चीनभर मुलांच्या तोंडी आहे आणि त्यात तथ्य नाही. प्रश्न काढणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो. 'ऑल', 'नेव्हर' असे टोकाचे शब्द असलेला पर्याय नेहमीच चुकीचा, हा समजही तसाच. तो शब्द पाहून सावध व्हावे, पण निकाल उताऱ्यावरूनच लावावा, कारण काही वेळा उताऱ्यातच तसे ठाम विधान केलेले असते. भाच्यावर रागावू नका. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला एवढ्या मोठ्या परीक्षेपुढे काहीतरी हाताशी हवे असते. २०२४ साली या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती, यावरून त्या ताणाची कल्पना येईल. त्याला एवढेच करून पाहायला सांगा : मागील तीन वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका घेऊन, उतारा न वाचता, केवळ या नियमाने पंधरा-पंधरा उत्तरे द्यावीत आणि स्वतःच तपासावीत. अर्ध्या तासाचे काम आहे, नंतर वाद घालावा लागणार नाही.

वेळ संपत आला आणि प्रश्न उरलाच, तर मात्र तो कोरा सोडू नये. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. उत्तरपत्रिका यंत्राने तपासली जाते आणि चौकोन टूबी पेन्सिलीने भरायचे असतात. ते भरण्याची पाच मिनिटे त्याने आधीच बाजूला काढावीत.

जानेवारीविषयी माझे मत स्पष्ट आहे : द्यावी. यीवू ज्या झेजियांग प्रांतात आहे, तेथे इंग्रजीची परीक्षा जानेवारी आणि जून अशी दोनदा देता येते व दोहोंपैकी जास्त गुण धरले जातात. जानेवारीत गुण कमी पडले तरी नुकसान नाही, आणि चांगले पडले तर वसंत ऋतूतील सगळे महिने गणिताला आणि चिनीला मिळतील.

प्रश्न : बाई, मी ग्वांगझौमध्ये राहते. माझी मुलगी तेथील चिनी शाळेत मैत्रिणींबरोबर शिकते. तिच्या एका मैत्रिणीचे चारही उतारे उत्तम जातात, पण सात वाक्यांतून पाच निवडून रिकाम्या जागी बसवण्याच्या प्रश्नात पाचांपैकी दोनच बरोबर येतात. दोन्ही वाचनच असताना असे का व्हावे? — एक आई, ग्वांगझौ

उत्तर : कारण या प्रश्नात वाक्याच्या अर्थाइतकेच दोन वाक्यांमधल्या सांध्याकडे लक्ष द्यावे लागते. चार उताऱ्यांत मूल प्रश्नावरून मागे जाऊन उत्तर शोधते. येथे प्रश्नच नसतो, एक भोक असते आणि त्याच्या दोन्ही कडा पाहून ठिगळ निवडायचे असते. बहुतेक मुले आधीचे वाक्य वाचून पर्याय निवडतात आणि पुढचे वाक्य पाहतच नाहीत. पुढच्या वाक्यात 'दे' (they) असा शब्द असेल, तर रिकाम्या जागेत अनेकवचनी कोणीतरी आले पाहिजे. 'धिस' असेल तर एखादी घटना किंवा कल्पना आली पाहिजे. सर्वनामांचा असा माग काढणे चिनी मुलांना कठीण जाते, कारण चिनीत जे उघड आहे ते सर्वनाम बरेचदा गाळले जाते, आणि बोलताना तो, ती व ते या तिन्हींचा उच्चार 'ता' असा एकच होतो.

मैत्रिणीला असा सराव द्या : सोडवून झालेल्या, उत्तरे माहीत असलेल्या उताऱ्यात प्रत्येक सर्वनामापासून ते ज्याच्याबद्दल आहे त्या शब्दापर्यंत पेन्सिलीने बाण काढायचा. 'हाऊएव्हर', 'इन्स्टेड', 'फॉर एक्झाम्पल' अशा शब्दांभोवती वर्तुळ करून, त्यांच्या आधी काय होते आणि नंतर काय आले, ते एका ओळीत सांगायचे. जागा परिच्छेदाच्या सुरुवातीला असेल, तर बसवलेले वाक्य पुढच्या सर्व वाक्यांना पोटात घेणारे हवे. उपशीर्षकाच्या जागी असेल, तर इतर उपशीर्षके आज्ञार्थी आहेत की नाही, हे पाहिल्यानेच तीन-चार पर्याय गळून पडतात.

आणखी एक सवय लावावी लागेल. या प्रश्नात एक वाक्य चुकीच्या जागी गेले की ज्या जागेचे ते खरे होते तीही बिघडते, म्हणजे एका चुकीने पाच गुण जाऊ शकतात. म्हणून सर्वांत खात्रीची जागा आधी भरावी, मग ती पहिली असो की चौथी, आणि संशयाची शेवटी. पाचही भरल्यावर उरलेली दोन वाक्ये एकदा वाचून पाहावीत आणि प्रत्येकाविषयी ते का बसत नाही, हे मनात सांगावे. ते सांगता आले नाही, तर ज्या जागेविषयी शंका आहे तेथे ते बसवून संपूर्ण परिच्छेद ओठांतल्या ओठांत वाचावा. सांधा चुकला असेल तर वाचताना जीभ तेथे अडखळते. परीक्षेत या प्रश्नासाठी सात मिनिटे पुरेशी असतात, पण घरी पहिले दोन-तीन आठवडे तिला घड्याळ दाखवू नका.